अँजिओप्लास्टीने काय होतं, काय होत नाही, आणि त्या दिवशी काय घडतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ६४ वर्षांचे, मधुमेह जुना. गेले काही महिने जिना चढला की छातीत दडपण येतं, थांबले की दोन-चार मिनिटांत जातं. अँजिओग्राफीत एलएडीमध्ये, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणाऱ्या वाहिनीत, ८५ टक्के ब्लॉकेज निघालं. बाकीच्या वाहिन्या ठीक आहेत. पुढच्या आठवड्यात अँजिओप्लास्टी ठरली आहे. आत काय करतात, दुखतं का, धोका किती, घरी कधी येतील आणि वडिलांना यातलं किती सांगावं, हे तुम्ही विचारलंय. आणि सगळ्यात शेवटी, "हे झालं की ते पूर्ण बरे होतील ना?"

मी हृदयरोगतज्ज्ञ आहे, कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, बरीच वर्षं काढली आहेत. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी आधी देतो, कारण बाकीच्या अपेक्षा त्यावरच अवलंबून आहेत. अँजिओप्लास्टीने वडिलांचं जिन्यावरचं दुखणं बहुधा जाईल किंवा खूप कमी होईल. पण ज्या आजाराने ते ब्लॉकेज तयार झालं, तो आजार तिथेच राहील.

बहुतेकांच्या डोक्यात असं चित्र असतं की नळात कचरा अडकलाय, डॉक्टर तो काढून टाकतील आणि पाणी पूर्ववत वाहू लागेल. रक्तवाहिनीत असा मोकळा कचरा नसतो. हृदयावरच्या या वाहिन्या जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाडीच्या. त्यांच्या भिंतीच्या आतल्या थरात वर्षानुवर्षं कोलेस्टेरॉल साठतं, तिथे सूज येते, पुढे कॅल्शियम जमतं. भिंत आतल्या बाजूला फुगत जाते आणि वाट अरुंद होते. अँजिओप्लास्टीत यातलं काहीही बाहेर काढलं जात नाही. फुग्याने ती फुगलेली भिंत बाहेरच्या बाजूला दाबली जाते आणि ती परत मिटू नये म्हणून जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, तिथे बसवला जातो. ज्या २-३ सेंटिमीटरवर काम झालं तेवढी जागा मोकळी होते. बाकीच्या भिंतींत जे काही सुरू आहे ते सुरूच राहतं, आणि त्याला आवरायचं काम गोळ्यांचं आणि राहणीमानाचं असतं.

आता एक फरक सांगतो. तो नीट सांगितला जात नाही, म्हणून घरोघरी गोंधळ होतो. अँजिओप्लास्टी दोन अगदी वेगळ्या परिस्थितींत केली जाते. एक, हार्ट अटॅक सुरू असताना. तेव्हा वाहिनी गुठळीने पूर्ण बंद झालेली असते, तिच्या पुढचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. अशा वेळी रुग्ण दारात आल्यापासून ६० ते ९० मिनिटांच्या आत वाहिनी उघडायचा आमचा प्रयत्न असतो, आणि तिथे ही प्रक्रिया खरोखर जीव वाचवते. तिथे विचार करायला दोन दिवस मागणं चुकीचं ठरेल.

दुसरी परिस्थिती तुमच्या वडिलांची: श्रम केल्यावर दुखतं, विश्रांतीने थांबतं, आणि बरेच दिवस तसंच चाललंय. याला आम्ही स्थिर अंजायना म्हणतो. अशा रुग्णांवर मोठे अभ्यास झाले. २००७ मध्ये आलेला करेज आणि २०२० मध्ये छापून आलेला इस्केमिया, ज्यात पाच हजारांहून जास्त रुग्ण होते. दोन्हींत दिसलं ते असं: चांगली औषधं सगळ्यांना दिली, तर त्यावर लगेच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यूचं प्रमाण कमी झालं नाही. दुखणं मात्र ज्यांना जास्त होतं, त्यांना प्रक्रियेनंतर चांगला आराम पडला. २०२३ च्या ऑर्बिटा-२ या अभ्यासात तर निम्म्या रुग्णांना न कळू देता नुसती प्रक्रियेची नक्कल करून पाहिली, आणि खरा स्टेंट बसवलेल्यांचं दुखणं त्यांच्यापेक्षा स्पष्टपणे कमी झालं. म्हणजे आराम हा मनाचा खेळ नाही, खरा आहे.

मग ८५ टक्के ब्लॉकेज उघडूनही आयुष्य का वाढत नाही? कारण अटॅक नेहमी सगळ्यात अरुंद जागीच येतो असं नाही. पुष्कळदा ३०-४० टक्क्यांचा, काहीही त्रास न देणारा एखादा मऊ थर अचानक फाटतो, त्यावर गुठळी धरते आणि वाहिनी बंद होते. असे थर कुठे कुठे आहेत ते अँजिओग्राफीत धड दिसतही नाहीत. त्या सगळ्यांपर्यंत पोचतात त्या फक्त गोळ्या.

याला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. डाव्या मुख्य वाहिनीत, म्हणजे एलएडी जिथून फुटते तिथेच, मोठं ब्लॉकेज असेल, हृदयाचं पंपिंग बरंच कमी झालं असेल, किंवा पुरेशी औषधं घेऊनही दुखणं रोजचं जगणं अडवत असेल, तर हे अभ्यास जसेच्या तसे लागू होत नाहीत. आणि हे वडिलांना आजच विचारा: दुखणं वाढत चाललंय का? पूर्वी दोन मजल्यांवर यायचं ते आता अर्ध्या मजल्यावर येतं का? रात्री झोपेत किंवा नुसतं बसल्या जागी आलंय का? यातलं एकही 'हो' असेल तर ते स्थिर राहिलेलं नाही. पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

मधुमेहाबद्दल एक गोष्ट. मधुमेह असलेल्या माणसाच्या दोन-तीन वाहिन्यांत मोठी ब्लॉकेजेस असतील, तर बायपास स्टेंटपेक्षा सरस ठरते. २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात हे दिसलं होतं. तुम्ही एकाच वाहिनीचं लिहिलंय, त्यामुळे अँजिओप्लास्टीचा निर्णय मला वावगा वाटत नाही. तरी सीडी आणि रिपोर्ट मी पाहिलेला नाही. ब्लॉकेज वाहिनीच्या अगदी तोंडाशी आहे की मध्यावर, किती लांब आहे, कॅल्शियम किती आहे, तिथे फाटा फुटतो का, यावर बरंच ठरतं. वडिलांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा की औषधं पुरेशा डोसमध्ये देऊन झाली आहेत का, आणि या प्रक्रियेतून त्यांना नेमका कोणता फायदा अपेक्षित आहे. कुणाही चांगल्या डॉक्टरला हा प्रश्न खटकत नाही.

टक्केवारीलाही फार चिकटून राहू नका. ती बहुतेक वेळा नजरेचा अंदाज असतो. ८५ टक्क्यांच्या बाबतीत सहसा वाद नसतो. पण ५०-६०-७० टक्के असेल तर नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. तेव्हा एक बारीक तार ब्लॉकेजच्या पलीकडे नेऊन दोन्हीकडचा दाब मोजतात. याला एफएफआर म्हणतात. पलीकडचा दाब अलीकडच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी निघाला तर ते ब्लॉकेज रक्त अडवतंय असं धरतात. त्याहून जास्त असेल तर बहुतेक वेळा त्याला न छेडलेलं बरं.

इथपर्यंतचं थोडक्यात: वडिलांचं दुखणं खरंच स्थिर असेल तर ही घाईची नाही, आराम देणारी प्रक्रिया आहे. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आधीची तयारी. दाखल करण्यापूर्वी रक्ताच्या तपासण्यांत मला सगळ्यात आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम दाखवणारा आकडा, पाहायचा असतो, कारण वाहिन्या दिसण्यासाठी जो डाय टाकतात तो मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतो. मधुमेहात मूत्रपिंडं आधीच नाजूक असू शकतात. तशी असतील तर आधी-नंतर सलाईन देतात आणि डाय जपून वापरतात. मेटफॉर्मिन चालू असेल तर ती बंद ठेवायची का आणि किती दिवस, हे मूत्रपिंडांच्या स्थितीवर ठरतं. इन्सुलिन किंवा साखरेच्या इतर गोळ्यांचं त्या दिवशी काय करायचं तेही विचारून कागदावर लिहून घ्या. उपाशी पोटी नेहमीचा डोस घेतला तर साखर खाली जाऊ शकते. ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीची गुठळी होऊ न देणारी गोळी मात्र बंद करायची नसते. उलट बहुतेकदा त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी तिचा मोठा डोस देतात.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी चार गोष्टी आपण होऊन सांगा: पूर्वी डायची ॲलर्जी झाली होती का; वॉरफेरिनसारखं दुसरं एखादं रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का; पोटातून किंवा शौचावाटे कधी रक्त गेलंय का; आणि पुढच्या सहा महिन्यांत कुठलं ऑपरेशन करायचं ठरलंय का. ही चौथी बाब घरचे हमखास विसरतात. हर्निया, गुडघा, प्रोस्टेट, काहीही असो. स्टेंटनंतर काही महिने दोन गोळ्या थांबवता येत नाहीत, आणि त्या चालू असताना मोठं ऑपरेशन केलं तर रक्तस्राव होतो. आधी कळलं तर क्रम बदलता येतो, किंवा लवकर गोळी कमी करता येईल असा स्टेंट आणि अशी योजना निवडता येते.

वडिलांना किती सांगावं? माझं मत ठाम आहे: सगळं सांगा. ते टेबलावर पूर्ण जागे असणार आहेत. माहिती नसलेल्या माणसाला छातीत दुखलं की तो घाबरतो, श्वास रोखतो, हात हलवतो, आणि आमचं कामही अवघड होतं. आधी सांगितलं असेल तर तोच माणूस शांतपणे म्हणतो, "हां, आलं." फार चिंता असेल तर गुंगीचं हलकं औषध देता येतं, पण पूर्ण भूल सहसा देत नाहीत.

आता त्या खोलीबद्दल. कॅथलॅब थंड असते, यंत्रांसाठी. टेबल अरुंद असतं आणि थोडं इकडेतिकडे सरकतं. वर एक्स-रेचं मोठं यंत्र छातीच्या अगदी जवळून फिरतं, आपल्या अंगावर येतंय असं वाटतं पण लागत नाही. सगळ्यांनी शिशाचे जड ॲप्रन घातलेले असतात. हल्ली बहुतेक अँजिओप्लास्टी मनगटातून करतात. हाताची रक्तवाहिनी फार बारीक असेल, वेडीवाकडी असेल किंवा मोठी उपकरणं लागणार असतील तर जांघेतून करतात. मनगटात भुलीचं इंजेक्शन देतात, ते चुरचुरतं. मग एक छोटी नळी आत बसवतात. पहिल्यांदा हात दाबून धरल्यासारखा वाटतो, कधी वाहिनी आखडते आणि कोपरापर्यंत कळ जाते. त्यासाठी औषध असतं, पण सांगितलं पाहिजे. गुठळी होऊ नये म्हणून शिरेतून हेपॅरिन देतात.

त्यानंतर साधारण २ मिलिमीटर जाडीची लांब नळी हातातून खांद्याकडे आणि तिथून हृदयाच्या तोंडाशी जाते. ती जाताना रुग्णाला काही कळत नाही, कारण रक्तवाहिन्यांना आतून स्पर्श जाणवत नाही. लोकांना हे खरं वाटत नाही, आणि खोलीत आल्यावर बरेच जण विचारतात, "सुरू कधी करणार?" तोवर आम्ही वाहिनीच्या तोंडाशी पोचलेलो असतो.

पुढे या नळीतून मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी बारीक तार ब्लॉकेजमधून पलीकडे सरकवतात. तार पलीकडे गेली की कामाचा कठीण भाग बहुतेक वेळा संपलेला असतो. तिच्यावरून घडी घातलेला फुगा नेतात. पडद्यावर फुगा दिसत नाही, त्याच्या दोन टोकांच्या खुणा दोन काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. ते ठिपके ब्लॉकेजच्या दोन्ही बाजूंना आणून ठेवले की सहकारी हातातल्या पंपाने डायमिश्रित पाणी भरत जातो आणि मोठ्याने दाब मोजतो: सहा, आठ, दहा. फुगा भरतो, पण मधोमध, जिथे थर टणक आहे, तिथे त्याची कंबर आवळलेली दिसते. बारा. मग एकाएकी ती कंबर सुटते आणि फुगा सरळ होतो. हे १० ते ३० सेकंदांचं काम आहे. तेवढा वेळ त्या वाहिनीतून रक्त जात नाही, आणि वडिलांना त्याच सेकंदांत जिन्यावरचं तेच दडपण, कदाचित थोडं जास्त जोराचं, जाणवेल. फुगा उतरवला की ते ओसरतं. आम्ही विचारतो, "छातीत काही?" उत्तर खरं द्यावं. "काही नाही" असं धीराने म्हणण्यात काही भूषण नाही. दडपण फुगा उतरवूनही राहिलं तर ती आमच्यासाठी मोलाची माहिती असते.

जागा झाली की दुसरा फुगा जातो, त्याच्यावर स्टेंट चिकटून आवळलेला असतो. कोबाल्ट-क्रोमियम किंवा प्लॅटिनम-क्रोमियमच्या मिश्रधातूची जाळी, तिच्या तारा बहुतेक ६० ते ८० मायक्रॉनच्या, आणि वर औषधाचा थर. फुगा भरला की जाळी उघडून भिंतीला टेकते, फुगा परत येतो, स्टेंट राहतो. मग पुन्हा जास्त दाबाचा फुगा आतून फिरवतात, म्हणजे जाळी भिंतीला पूर्ण चिकटेल. वाहिनीच्या आत जाऊन बघणारा कॅमेरा किंवा सोनोग्राफीची तार असते, ती वापरून स्टेंट नीट उघडलाय का हे पाहता येतं. लांब स्टेंट, फाट्यावरचं काम किंवा मुख्य वाहिनीचं काम असेल तर ती वापरावी असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. एलएडीच्या सुरुवातीला काम असेल तर हेही विचारून ठेवा.

कॅल्शियम फार असेल तर साधा फुगा कंबर सोडत नाही. मग हिऱ्याच्या कणांचं छोटं गिरमिट फिरवून किंवा ध्वनिलहरींच्या फुग्याने ते आधी फोडावं लागतं. त्याला वेळ लागतो. साधं काम अर्ध्या-पाऊण तासात होतं, अवघड काम दोन तासही घेतं. बाहेर बसलेल्यांनी घड्याळाकडे बघून वाईट कल्पना करू नयेत. उशीर म्हणजे बहुतेक वेळा सावकाश, काळजीपूर्वक चाललेलं काम.

ही पद्धत कुठून आली तेही सांगतो, म्हणजे औषधाच्या स्टेंटला एवढं महत्त्व का ते कळेल. सप्टेंबर १९७७ मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुंट्झिग या डॉक्टरांनी जाग्या माणसाच्या हृदयाच्या वाहिनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. तीही एलएडीच होती. तेव्हा नुसता फुगा असायचा, आणि साधारण दर तीन रुग्णांतल्या एकाची वाहिनी काही महिन्यांत परत आवळायची. १९८६ मध्ये स्टेंट आला, ते प्रमाण घटलं, पण जाळीच्या आत व्रणासारखं मांस वाढायचं. २००२-०३ पासून औषध लावलेले स्टेंट आले. ते औषध ही वाढ रोखतं. आता परत आवळण्याचं प्रमाण साधारण ५ ते १० टक्क्यांवर आलंय. मधुमेहात ते या वरच्या टोकाकडे, कधी त्याहून थोडं पुढे जातं. लांब स्टेंट आणि बारीक वाहिनी असेल तरही तसंच.

धोका. ठरवून केलेल्या, साध्या अँजिओप्लास्टीत मृत्यू, पक्षाघात किंवा तातडीने बायपास करावी लागणं, हे प्रत्येकी शंभरात एकापेक्षा कमी वेळा घडतं. वय जास्त, मूत्रपिंडं कमजोर, पंपिंग कमी, ब्लॉकेज गुंतागुंतीचं असं असेल तर आकडा वर जातो. अटॅकच्या मधोमध केलेल्या प्रक्रियेचा धोका तर वेगळाच असतो. त्यामुळे शेजारच्या कुणाचं काय झालं त्यावरून वडिलांचा अंदाज बांधू नका. जास्त वेळा दिसतात ते छोटे त्रास: मनगटाला काळंनिळं होणं, गाठ येणं, क्वचित मनगटातली ती वाहिनी बंद होणं. हाताला दुसरीकडून रक्त येत असल्याने बहुतेकांना ते कळतही नाही.

काम झाल्यावर मनगटावर हवेचा पारदर्शक पट्टा बांधतात. त्यातली हवा नर्स दोन ते चार तासांत थोडी थोडी काढते. हात जड वाटतो, बोटं किंचित निळसर वाटू शकतात. बधिर झाली तर लगेच सांगायचं. जांघेतून केलं असेल तर चार-सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं, आणि मनगटाचा मार्ग रुग्णांना आवडतो तो यामुळेच. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर भरपूर पाणी प्यावं, डाय लवकर निघून जातो. बहुतेक जण एक रात्र राहतात. काही ठिकाणी साध्या केसमध्ये त्याच दिवशी सोडतात, आणि ते सुरक्षित असतं.

पहिले एक-दोन दिवस छातीत हलकं टोचल्यासारखं, ताणल्यासारखं वाटतं. भिंत ताणली गेलेली असते. ते चालण्याशी जोडलेलं नसतं आणि आपोआप जातं. चार-पाच दिवस त्या हाताने जड उचलू नये, हातावर भार देऊन उठू नये. मनगट सुजायला किंवा रक्त यायला लागलं तर बोटांनी घट्ट दाबून धरा आणि फोन करा. बैठं काम आठवड्याभरात सुरू करता येतं, गाडीही साधारण तेव्हाच. एमआरआय करता येतो. विमानतळाच्या तपासणीत स्टेंट वाजत नाही. लैंगिक संबंधांबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो: दोन मजले दम न लागता चढता आले की हरकत नसते. पण सिल्डेनाफिलसारखी गोळी आणि जिभेखालची नायट्रेटची गोळी एकत्र झाल्या तर रक्तदाब धोकादायक खाली जातो. असं औषध घेत असतील तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आता गोळ्या, आणि इथे मी जास्त थांबणार आहे. स्टेंट म्हणजे रक्ताच्या प्रवाहात बसवलेला उघडा धातू. शरीराने त्यावर आपलं पातळ आवरण चढवेपर्यंत त्यावर गुठळी धरू शकते, आणि औषधाच्या स्टेंटवर हे आवरण सावकाश चढतं. तोपर्यंत रक्तातल्या प्लेटलेट्सना चिकटू न देणाऱ्या दोन गोळ्या लागतात: ॲस्पिरिन, आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल. वडिलांसारख्या स्थिर रुग्णाला दोन्ही साधारण सहा महिने. अटॅकनंतर साधारण बारा महिने. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर त्याहूनही लवकर एक थांबवता येते. नंतर एक गोळी सहसा कायमची. स्टेंटमध्ये अचानक गुठळी होणं दुर्मीळ आहे, पहिल्या वर्षात शंभरात एखाद्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. पण झाली तर ती मोठा अटॅक घेऊन येते आणि त्यातले बरेच जण वाचत नाहीत. माझ्याकडे असे जे रुग्ण आले, त्यांच्या मागच्या गोष्टी फार साध्या होत्या. एकाने दात काढायचा म्हणून दोन्ही गोळ्या स्वतःच थांबवल्या. एकाच्या गोळ्या प्रवासात संपल्या. एकीला बरं वाटत होतं, म्हणून.

म्हणून वडिलांना हे पक्कं सांगा: कुणीही, अगदी दुसरा डॉक्टरही, गोळी थांबवा म्हणाला तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन. साधा दात या गोळ्या चालू ठेवूनही काढता येतो, रक्त थांबायला थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. टिकाग्रेलोरने काहींना बसल्या जागी उगाच धाप लागल्यासारखं वाटतं. ते हृदयाचं नसतं, गोळी बदलता येते, पण स्वतः बंद करायची नाही. ॲसिडिटीसाठी काही हवं असेल तर तेही विचारूनच. क्लोपिडोग्रेल चालू असताना ओमेप्राझोल टाळतात, पॅन्टोप्राझोल चालतं.

आणि ज्या आजाराबद्दल मी सुरुवातीला लिहिलं, त्याच्यासाठीची खरी गोळी म्हणजे स्टॅटिन, कोलेस्टेरॉल कमी करणारी. युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा रुग्णाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली हवं. "रिपोर्ट नॉर्मल आलाय" म्हणून स्टॅटिन बंद करणारे रुग्ण मला नेहमी भेटतात. तो आकडा गोळीमुळेच खाली असतो. साखर, रक्तदाब आणि तंबाखू ही त्याच यादीतली उरलेली नावं. तंबाखू असेल तर ती सोडणं हे माझ्या हातून होणाऱ्या कुठल्याही स्टेंटपेक्षा मोठं काम आहे. रुग्णालयात हृदयरुग्णांसाठी व्यायामाचा कार्यक्रम असेल तर नाव नोंदवा. देखरेखीखाली चाललं की माणसाची शरीराबद्दलची भीती जाते, आणि ती भीती अँजिओप्लास्टीनंतर बऱ्याच घरांत महिनोन्‌महिने मुक्काम करते.

त्रास नसेल तर स्टेंट "बघण्यासाठी" पुन्हा अँजिओग्राफी करायची गरज नसते. स्टेंट परत आवळला तर सहसा तीन महिने ते वर्षभराच्या काळात, हळूहळू, जिन्यावरचं तेच दुखणं परत येतं. ते ओळखीचं असतं, तेव्हा वेळ घेऊन भेटा. बसल्या जागी दडपण आलं, घाम सुटला, तर वेगळं. खाली बसवा, जिभेखालची एक गोळी द्या, पाच मिनिटांत गेलं नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवा. स्वतः गाडी चालवत निघू देऊ नका.

घरी सोडताना स्टेंटचं कार्ड मिळेल. त्यावर कुठल्या वाहिनीत, कुठला, किती जाडीचा आणि लांबीचा स्टेंट, कुठल्या तारखेला बसवला हे असतं. त्याचा आणि गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो वडिलांच्या आणि तुमच्या, दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. त्याखाली दुसरी गोळी कुठल्या तारखेपर्यंत घ्यायची ती तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या.